मांडवापर्यंत वाजव

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पोरीच्या जिवावर बेतलेली गोष्ट कोणती आई गंमत म्हणून सांगेल?

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. गाव अड्याळ. सकाळची शाळा होती. लख्ख ऊन पडलेलं.

माझे सासरे मधुकरराव यांची पूर्वी लग्नात वाजवणारी बँडपार्टी होती. तिच्यातला एक पितळी ट्रंपेट माळ्यावर पडून होता. सातवीतल्या माझ्या कीर्तीने तो शाळेच्या बँडसाठी मागितला. सासरे पवनीला गेलेले. मी चिंच लावून घासला आणि दिला. विचारलं नाही कोणाला.

साडेनऊला सरांचा फोन आला.

"ताई, लवकर या. पोरगी थांबूनच नाही राहिली."

गेटवरच ऐकू आली... वरातीची धून.

कीर्तीला तर अजून एक सूर धड काढता येत नव्हता.

मैदानात पोरं लांब सरकून उभी होती. ती एकटी वाजवत होती. डोळे लाल, ओठ फुटलेले. मी ट्रंपेट हिसकावला.

आणि तिचा श्वासच बंद झाला...

ओठ निळे पडले. पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. काही नाही. घाबरून सरांनी ट्रंपेट पुन्हा तिच्या तोंडाला लावला.

धून सुरू झाली. श्वासही.

वाजवेल तोवरच जगेल, एवढं मला कळलं. मी तिथेच मातीत बसून रडले. दवाखान्याची गाडी बोलावली होती, पण ती यायची कधी?

तेवढ्यात सासरे आले. बसमधून उतरताच आवाज ऐकून सरळ इकडेच आले होते. त्यांनी ट्रंपेट लगेच ओळखला.

"हा यादोरावचा हाय," ते म्हणाले. "छातीनं बिमार होता तो. मे महिन्याची वरात. म्हणे, मालक, दम नाही पुरून राहिला. मी म्हटलो, मांडवापर्यंत वाजव, मंग मर."

यादोराव मांडवाच्या दारातच मेला होता.

त्यांच्या पार्टीत रीत होती. वाजवणारा मेला की त्याच्या बाजाची फुंकायची तोंडी काढून तिरडीवर ठेवायची. मग तो बाजा मुका.

"तोंडी चांगली होती," सासरे म्हणाले. "मी नाही देल्ली."

माझं डोकंच फिरलं.

"मग मामाजी, आता तुम्ही वाजवा."

"मले वाजवता येत नाही, दामिनी. मी मालक होतो."

मी ट्रंपेट ओढला आणि त्यांच्या तोंडात कोंबला.

कीर्तीने मोठा श्वास घेतला... "आई" म्हणाली.

सासरे वाजवू लागले. एक सूर चुकला नाही. चेहरा काळानिळा पडला. एक हात हलवून ते सारखे खुणावत होते. सर पुढे झाले.

मी सरांचा हात धरला. "राहू द्या," म्हटलं.

धून पूर्ण झाली, तेव्हा सासरे खाली पडले होते. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिला. तोंडी मी वैनगंगेत टाकून आले.

कीर्ती आता ठीक आहे. फक्त कधीमधी विचारते, "आई, आबाजी हात हलवून कोणाले बलावून राहिले होते?"

मी सांगते, यादोरावले.

ते माझ्याकडे पाहत होते.