टपावरची टाच

इथे रेंज येत नाही म्हणून मघापासून तुमची कुरकुर चाललीय. ठेवा ते फोन उपडे आणि जरा जवळ सरका. रेंजचीच गोष्ट सांगतो. कुणा तिसऱ्याकडून ऐकलेली नाही. ज्याच्या बाबतीत घडली, तो माणूस बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभा राहून बावीस वर्षं रिव्हेट मारत होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मीही मिस्त्रीच म्हणतो.

काम सुटल्यावर मिस्त्रीने भंगारातली एक जुनी शाळेची बस घेतली आणि आतून तिचं घर केलं. मागे पलंग, मधे ओटा, खिडकीपाशी टेबल आणि दोन खुर्च्या, जमिनीला बोल्ट मारून पक्क्या केलेल्या. त्याची मुलगी त्याला मोटरहोम म्हणायची. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, घरगाडी. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या बांधल्या, एक माझ्यासाठी बांधली, चला, तेवढंच," असं म्हणून नाक मुरडायच्या, पण निघायच्या वेळी सगळ्यांत आधी त्याच गाडीत जाऊन बसलेल्या असायच्या.

मुलगी लांबच्या शहरात, नवऱ्याबरोबर. एकुलती एक. तिची एकच अट होती. रोज रात्री दोघांची तोंडं दिसली पाहिजेत, नाही दिसली तर गाडी विकायला लावीन. मग मिस्त्रीने इंटरनेटची नीट सोय केली. दोन कंपन्यांची सिमं घातलेला राउटर आत, आणि टपावर लांब पाईपच्या टोकाला अँटेना. मुक्कामाला पोचलं की पाईप उभा करायचा, निघताना आडवा पाडायचा.

मिस्त्रीचे गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे टपावर चढणार वहिनी. त्यांनी शिडीवर पाय ठेवला की गाडी डाव्या अंगाला जराशी दबायची. मिस्त्री आतून ओरडायचा, "चढली का महाराणी? स्प्रिंग बदलावी लागणार!"

"नवऱ्यापेक्षा रेंज बरी," वहिनी वरून म्हणायच्या. "हाक मारली की कधीतरी येते तरी."

पण वारा असला की वरचं खाली ऐकू येत नसे. म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. वहिनी पाईप फिरवायच्या आणि टपावर टाच दोनदा आपटायच्या. म्हणजे, आली का? मिस्त्री आत राउटरसमोर पळी घेऊन उभा. छताला पळी एकदा मारली तर, आली, तशीच धर. दोनदा मारली तर, अजून फिरव. तीनदा मारली तर, झालं, ये खाली.

आणि एक लाल पट्टी होती. सुरुवातीला एकदा मिस्त्री पाईप उभा असतानाच गाडी घेऊन निघाला आणि एका कमानीखाली अँटेनाचा चेंदामेंदा केला. त्या दिवसापासून वहिनींनी आपल्या जुन्या लाल शालीची एक पट्टी फाडून ठेवली. पाईप वर गेला की पट्टी स्टिअरिंगला बांधायच्या. पाईप खाली आला की सोडून स्वतःच्या खिशात घालायच्या. "मी बांधली, मीच सोडणार. तोवर किल्लीला हात लावायचा नाही." गाठही त्यांचीच, उलटी घातलेली. मिस्त्रीला ती कधी सुटली नाही.

मग वहिनी गेल्या. झोपेतच. त्यांच्या खिशात पट्टी सापडली. शेवटी निरोप देताना मिस्त्रीने ती त्यांच्या हातात दिली आणि मूठ मिटली. मी तिथे होतो. माझ्या डोळ्यांदेखत पट्टी त्यांच्याबरोबर गेली. एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर वर्षभराने मुलीच्या डोक्यात गाठ निघाली.

ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. तिने बापाला सांगितलं, "बाबा, येताना आईची उशी आणा. इथल्या उशा म्हणजे नुसत्या विटा आहेत." ती उशी पोचवायला मिस्त्री एकटाच गाडी घेऊन निघाला. नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. दोन दिवसांचा रस्ता होता. घाई कसलीच नव्हती.

दुपारी एका पेट्रोल पंपामागे तो चहाला थांबला. गुडघे धरत टपावर चढला, पाईप उभा केला, खाली येऊन गॅस पेटवला, तोच जावयाचा फोन. तिला झटके आले होते. शुक्रवारपर्यंत थांबता येणार नव्हतं. आज रात्री नऊला आत नेणार.

"ती म्हणतेय, आधी बाबा दिसले पाहिजेत," जावई म्हणाला. "आत्ता तपासणीला नेलीय, साडेआठनंतर फोन लावू. बाबा, डॉक्टर म्हणतात... उठल्यावर माणसं ओळखेल की नाही, सांगता येत नाही."

मिस्त्रीने गॅस बंद केला आणि किल्ली फिरवली. समोर स्टिअरिंग मोकळंच होतं. पट्टी बांधायला होतं कोण?

पंपाच्या फाटकातच झाडाची आडवी फांदी होती. वर कडकड आवाज झाला तेव्हा त्याला कळलं. पाईप बुडापासून तुटला होता. अँटेना शाबूत, वायर शाबूत, पण पाईप उभा राहायला तयार नाही. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, साध्या फोनला इथे कधीच रेंज नसते. पुढच्या गावात आहे." पुढच्या गावात पोचला तर सकाळपासून वीज नाही, टॉवर बंद. तिथून पुढे सगळा डोंगर. तेव्हा त्याला ते वळण आठवलं. घाट उतरायच्या आधीची ती सपाट जागा. दोघांनी तिथे एकदा मुक्काम केला होता. दोन डोंगरांच्या फटीतून कुठला तरी लांबचा टॉवर लागायचा. पाईप पुरता उंच धरला तर.

तिथे पोचायला साडेआठ झाले. काळोख म्हणजे किती, तर स्वतःचा हात दिसू नये. मैलभरात दिवा नाही.

मिस्त्री टपावर चढला. तुटका पाईप दोन्ही हातांनी उचलून फटीकडे धरला. खिशातला फोन वाजला आणि मुलीने लावून दिल्याप्रमाणे आपोआप उचलला गेला.

"बाबा?"

"बोल ग, बोल. मी आहे. पाईप तुटलाय, हाताने धरलाय."

"सगळा अंधार दिसतोय. कुठे आहात? तोंड दाखवा ना."

फोन शर्टाच्या खिशात होता. तो काढायला त्याने एक हात सोडला. वाऱ्याने पाईप गर्रकन फिरला. आवाज तुटला. पुन्हा दोन्ही हातांनी धरला. पुन्हा लागला.

"बाबा, नुसता आवाज नको... मला बघायचंय. एकदा. रोज तुमचं नुसतं कपाळ दिसतं, आज तरी पूर्ण दिसा." ती हसायला गेली आणि रडली. "अजून वीस मिनिटं आहेत."

त्याने पाईप शिडीला मफलरने आवळून बांधला. घसरत खाली आला. आत राउटरवर लाल दिवा. पुन्हा वर. मफलर सुटून पाईप आडवा पडलेला. आता दोरीने बांधला. खाली. लाल दिवा. पुन्हा वर जायला शिडी धरली तर गुडघ्याने नाही म्हटलं. पाय उचलेना.

पायरीला डोकं टेकून तो म्हणाला, "अग, आज तरी ये ग. मला दोन हात पुरत नाहीत."

एवढंच म्हणाला. मग आत जाऊन खुर्चीत बसला. हातात फोन. समोर लाल दिवा. नऊला दहा मिनिटं कमी.

वारा थांबला.

आणि गाडी डाव्या अंगाला दबली.

जराशीच. शिडीवर कुणी पाय ठेवावा, तेवढी.

एक पायरी... दुसरी... तिसरी...

मग टपावर पावलं. सावकाश. पलंगाच्या वरून ओट्याकडे. ओट्याच्या वरून टेबलाकडे. मिस्त्रीच्या बरोबर डोक्यावर येऊन थांबली.

पत्रा कुरकुरला. पाईप उचलल्याचा आवाज. तो फिरतोय... फिरतोय...

राउटरचा दिवा हिरवा झाला. बाजूला रेंजची एक काडी. दोन.

 

वरून... टक्, टक्.

टाच.

काय ग? वर बघायला गेला का, म्हणतेस? नाही ग. तू गेली असतीस? तो हलला नाही. पण बाई, सवय फार वाईट. त्याचा हात आपोआप ओट्याकडे गेला. पळी घेतली. छताला मारली. दोनदा. अजून फिरव.

वर पाईप फिरला.

तीन काड्या. चार.

टक्, टक्.

मिस्त्रीने पळी एकदाच मारली. आली. तशीच धर.

फोन वाजला. मुलगी दिसली. केस काढलेले. उशाशी नळ्या. एवढा स्वच्छ चेहरा त्या फोनवर पूर्वी कधी आला नव्हता.

"अय्या, बाबा! आज पूर्ण दिसताय!"

"दिसणारच. उशी आणलीय. ही बघ."

"तिला आईचा वास आहे का अजून?"

मिस्त्रीने उशी नाकाशी नेली. "आहे."

मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, फोन इतका कसा लागला? पाईप तर तुटला म्हणालात."



वरून टक्, टक्. जरा घाईने. लागला ना? दिसतेय ना?

मुलीने ऐकलं. माहेरी आली की त्याच गाडीत झोपणारी पोर ती. तिला खूण माहीत होती. तिचे डोळे आधी छताकडे गेले, तिच्या छताकडे, मग बापाकडे.

"बाबा... वर कोण आहे?"

मिस्त्रीने पळीकडे बघितलं.

"राहू दे. नका सांगू." तिने ओठ घट्ट मिटले. "उत्तर द्या ना. खोळंबलीय."

त्याने पळी एकदा मारली.

दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली. मग तिच्या मागे दार उघडलं, नर्स आली, आणि मुलगी मोठ्याने म्हणाली, बापाशी नाही, वर बघून, "येते हं मी." फोन बंद झाला.

आता तीनदा मारायला हवी होती. झालं, ये खाली.

मिस्त्रीने पळी हातात धरली. मारली नाही.

जावयाचा फोन यायचाय, त्याने स्वतःला सांगितलं. बातमी कळायला रेंज हवी. खरंच होतं ते. तो खुर्चीत बसून राहिला, मांडीवर उशी. डोक्यावर कुणीतरी उभं. मधूनमधून टक्, टक्. तो एकदा मारायचा. तशीच धर. दहा वाजले. बारा वाजले. बाहेर दव पडायला लागलं. मधे एकदा तो बोलायला लागला. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये आंबली. तुझी कुंडी जगली. मी आता रोज दाढी करत नाही. असलंच काहीबाही. वरून काही नाही. पत्रा तेवढा कुरकुरायचा, पाय बदलल्यासारखा.

अडीचला फोन आला. जावई रडत होता, मिस्त्रीला आधी काही कळेचना.

"बरी आहे, बाबा. डोळे उघडले. मला ओळखलं. विचारतेय, बाबा उशी घेऊन निघाले का."

मिस्त्रीने उशीत तोंड खुपसलं.

वरून... टक्, टक्.

आता काही कारण उरलं नव्हतं. बातमी आली होती. पण पळी वर नेली आणि... एकदाच मारली.

तशीच धर.

खोटं बोलला तो. बायकोशी, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणायचा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वारा पुन्हा सुटला. काचांवर पाणी धरलं. पुढच्या वेळी टाच वाजली ती अगदी हळू. टक्... टक्. दमलेली. मिस्त्रीला आठवलं, तिला थंडी सोसत नसे. नोव्हेंबर लागला की पायमोजे घालून झोपायची. आणि शालीची तर तिने पट्टी फाडली होती, त्याच्याचसाठी.

तो उभा राहिला. छताला तळहात लावून थोडा वेळ तसाच राहिला. पत्रा गार होता.

मग पळी मारली.

एक.

दोन.

...

तीन.

पाईप खाली ठेवल्याचा आवाज. पावलं. ओट्यावरून. पलंगावरून. शिडी. तिसरी पायरी... दुसरी... गाडी डावीकडे दबलेली.

दाराबाहेर थांबली.

"ये ना आत," मिस्त्री म्हणाला. "दार उघडंच आहे."

...

गाडी वर आली. सरळ झाली.

त्याने दार उघडलं. बाहेर काळोख. दव. कुणी नाही.

पहाटेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. उजाडल्यावर उशी काखेत मारून किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या जागेवर आला. आणि तिथेच थबकला. मग खाली उतरून रस्त्यावर आला, एका ट्रकला हात केला आणि शहर गाठलं. उशी वेळेत पोचली. मुलगी आज धडधाकट आहे, बापाच्या दाढीवरून त्याला बोलते.

पुढच्या महिन्यात गाडी आणायला मी त्याच्याबरोबर गेलो. वळणावर तशीच उभी होती, टपावर तुटका पाईप आडवा पडलेला. म्हटलं, मी चालवतो, तू शेजारी बस. आत चढलो आणि बघितलं.

स्टिअरिंगला लाल पट्टी बांधलेली होती. उलटी गाठ.

मी कसा काय कुणास ठाऊक, सोडायला हात पुढे केला. मिस्त्रीने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"राहू दे," म्हणाला. "तिने बांधलीय. ती सोडेल."

गाडी अजून त्या वळणावरच आहे.