रिकामी परतू नये

अमरावतीच्या वंदना गावंडे यांनी लोणच्यासाठी मागवलेली पाच किलोची चिनीमातीची बरणी मंगळवारी सकाळी घरी आली. त्यांनी ती बाहेर काढली आणि पेटी बोलली.

"धन्यवाद. मी आता रिकामी आहे. कारंज्याच्या बाजूला आपलं कुणी राहतं का?"

पेटी राखाडी रंगाची होती. वस्तू आत ठेवली की तिचं अस्तर फुगून वस्तूला चहूबाजूंनी धरायचं, त्यामुळे पेंढा किंवा फुग्यांचं प्लास्टिक लागायचं नाही. एवढं वंदनाबाईंनी जाहिरातीत वाचलं होतं. पण पेटी बोलेल आणि तेही इतकं शुद्ध बोलेल, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी नकळत ओढणी सारखी केली.

"कारंज्याला माझी मावशी राहते न."

"त्यांना काही पाठवायचं आहे का? विनाचालक टेम्पो पावणेबाराला आपल्या चौकात येईल. मी रिकामी परतू नये, अशी मला सूचना आहे."

सूचनेसमोर वंदनाबाईंचा नाइलाज झाला. त्यांनी मावशीसाठी दोन किलो कुरडया पेटीत ठेवल्या. अस्तर हळूच फुगलं. एकही कुरडई मोडली नाही.

ही सूचना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या कुमुद खानझोडे त्या वेळी भद्रावतीत बरण्यांच्या कारखान्यात मालकांसमोर उभ्या होत्या. कारखान्याचा खर्चविभाग म्हणजे कुमुदताई आणि त्यांचं टेबल. सत्तावीस वर्षांत त्यांच्या आकडेमोडीत चूक निघाली नव्हती, आणि ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, कारण सगळ्यांना ती माहीत होती.

"दोनशे फेरपेट्या घेतल्या," मालक ढोबळे म्हणाले. "तीन महिन्यांत परत किती आल्या?"

"अठ्ठावन्न."

"आणि हे टेम्पोवाल्यांचं बिल? आपण तीन महिन्यांत एवढ्या बरण्या विकल्या तरी का?"

नव्हत्या विकल्या. कुमुदताईंनी हिशोब साधा मांडला होता. पुठ्ठ्याचं खोकं, पेंढा आणि चिकटपट्टी धरून एका बरणीला एकशेदहा रुपये लागत. खोकं कचऱ्यात जाई आणि शंभरातल्या सात बरण्या तरीही फुटत. फेरपेटी सव्वीसशेची. चोवीस फेऱ्या झाल्या की ती पुठ्ठ्याच्या बरोबरीला येई आणि पुढचा सगळा फायदा. अडचण एकच होती. रिकामी पेटी परत आणायला दर वेळी चाळीस रुपये पडत आणि तिथेच गणित बिघडे. म्हणून कुमुदताईंनी पेट्या बनवणाऱ्या नागपूरच्या निहारिका उमाळेला एक ओळ लिहून पाठवली होती: 'पेटी रिकामी परतू नये. आडवाट झाली तरी चालेल, पण येताना कुणाचं तरी सामान घेऊन यावी.' म्हणजे परतीचं भाडं त्या सामानावर जाईल.

भाडं कुणी भरायचं, हे त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. ते कुणीच भरत नव्हतं. म्हणजे कारखाना भरत होता.

"आडवाट म्हणजे किती आडवाट, हे नाही लिहिलं तुम्ही?" ढोबळ्यांनी विचारलं.

"नाही लिहिलं."

ढोबळे रागावले नाहीत, हेच कुमुदताईंना जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून पुन्हा पुठ्ठा. तोवर पेट्या कुठं फिरून राहिल्या, ते तरी पाहून या."

कुमुदताईंनी फोनवर नकाशा उघडला आणि आदल्या दिवशीच निघालेली एकशेसतरा नंबरची पेटी निवडली. बुधवारी सकाळी त्या अमरावतीला पोचल्या. पेटी कारंज्याला गेलेली होती. वंदनाबाईंनी त्यांना पोहे खाऊ घातले, पेटीच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली आणि निघताना अर्धा किलो कुरडया हातात कोंबल्या. "नाही म्हणू नका. तुम्हीही रिकाम्या परतू नका."

दुपारी कारंज्याला मावशी म्हणाल्या, "सकाळीच गेली बाई. दिग्रसच्या बाजूला तुमचं कोणी आहे का, म्हणे. माझं तर कोणी नाही तिकडं. मग मी तिला शेजारी भाऊरावांकडे नेऊन ठेवलं. तिला ताटकळत ठेवायचं बरं वाटेना."

शेजारचे भाऊराव इंगोले निवृत्त तलाठी होते. कुमुदताईंना पाहताच ते अंगणातल्या खाटेवरून उठले.

"तुम्ही पेटीवाल्या? मला काही पाठवायचं नव्हतं," ते घाईघाईने म्हणाले. "तिनं विचारलं, दिग्रसला आपलं कुणी राहतं का. मी म्हटलं, राहते एक बहीण, पण बोलणं नाही. तर म्हणते, बोलण्याची आवश्यकता नाही, वस्तू चालेल."

"असं म्हणाली?"

"मग मी काय करणार? अकरा वर्षांत असं सरळ कोणी विचारलंच नव्हतं."

काय पाठवलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुमुदताईंच्या मनात आलं, पेटीला ना बहीण ठाऊक होती, ना भांडण. टेम्पो दिग्रसला निघाला होता आणि त्यात एक जागा मोकळी होती. तिला ठाऊक होतं ते एवढंच.

गुरुवारी सकाळी दिग्रसला शकुंतला दुधे यांच्या ओसरीत एकशेसतरा नंबर अखेर सापडली. तिच्यावर एक टॉवेल टाकलेला होता.

"कालपासून उघडा म्हणून सांगून राहिली," शकुंतलाबाई म्हणाल्या. साठी ओलांडलेली, ताठ बसणारी बाई. "म्हणून झाकली. तुम्ही न्यायला आल्या न? न्या मग. तशीच न्या."

"आत तुमचं सामान आहे. मी कसं नेऊ?"

"माझं नाही ते. ज्यानं पाठवलं त्याचं आहे."

"पण त्यांनी तुम्हाला पाठवलं."

"मी मागितलं होतं का?"

टॉवेलखालून आवाज आला, "क्षमस्व. माझ्यात नऊ किलो वजनाची एक वस्तू आहे. ती काढल्याशिवाय मला पुढचं सामान घेता येणार नाही."

शकुंतलाबाईंची मान वळली. "किती किलो म्हणे?"

"नऊ किलो दोनशे ग्रॅम."

त्या उठल्या, टॉवेल बाजूला केला आणि झाकण उघडलं. अस्तर फुस्स आवाज करत उतरलं. आत काळ्या दगडाचा खल होता, वापरून गुळगुळीत झालेला. त्यांनी त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं आणि आत गेल्या. परसदाराचा कर्र असा आवाज आला, मग दार धाडकन आपटलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दगडी बत्ता होता.

"आई गेली तेव्हा वाटण्या झाल्या," त्या म्हणाल्या. "शेत, घर, भांडी, सगळं नीट झालं. भांडण झालं ते यावरून. तो म्हणे मला पाहिजे, मी म्हणे मला. शेवटी त्यानं खल उचलला, मी बत्ता. अकरा वर्षं मी यानं दाराला टेकण देऊन राहिली."

त्यांनी बत्ता खलात उभा केला आणि एकदा आपटला. त्या आवाजावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एकदम उघडले.

"यात चिल्लर ठेवत होता मेला! हे पाहा, नाणं चिकटलं आहे बुडाशी!" आणि त्या इतक्या जोरात हसल्या, की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

पेटी म्हणाली, "धन्यवाद. मी आता रिकामी आहे. यवतमाळच्या बाजूला आपलं कुणी राहतं का?"

"यवतमाळ गेलं चुलीत. थांब तू." त्यांनी जवस भाजले, लसूण आणि लाल मिरची घेतली आणि ओसरीतच चटणी कुटली. कुमुदताईंनी तेवढ्यात लसूण सोलून दिला. चटणीचा डबा पेटीत ठेवून शकुंतलाबाई म्हणाल्या, "कारंज्याला."

"कारंजा माझ्या मार्गावर नाही. आडवाट मला चालते, पण ते उलट दिशेला आहे. असा प्रवास खर्चाच्या दृष्टीनं योग्य ठरणार नाही."

शकुंतलाबाईंनी कुमुदताईंकडे पाहिलं. पेटीचा प्रत्येक शब्द कुमुदताईंच्याच तोंडी शोभणारा होता. मार्ग बदलायचा अधिकार कारखान्यात एकाच माणसाला होता आणि तो माणूस ओसरीत लसणाच्या सालींत बसला होता. त्यांनी फोन काढला. पडद्यावर अक्षरं आली: 'जादा खर्च साठ रुपये. कारण लिहा.'

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग लिहिलं, 'अपरिहार्य'.

सोमवारी त्यांनी ढोबळ्यांसमोर अहवाल ठेवला. भाडं पाठवणाऱ्यानं भरायचं, एवढी एक ओळ बदलली तर फेरपेटी पुठ्ठ्याला हरवते, असं त्यात दाखवलं होतं. चूक आपली होती, हेही लिहिलं होतं.

"लोक भाडं भरतील?" ढोबळ्यांनी विचारलं.

"निम्मे भरणार नाहीत, असं धरलं आहे."

भरणाऱ्यांचा आकडा तीन महिन्यांनी आला तेव्हा शंभरातले एक्क्याऐंशी होते. कुरडया, जुने स्वेटर, चष्मे, एकदा तर जिवंत कोंबडी. कोंबडीला अस्तरानं इतकं अलगद धरलं, की ती वाटेत अंडं घालून पोचली. पुठ्ठ्याची ऑर्डर रद्द झाली आणि ढोबळ्यांनी आणखी आठशे पेट्या मागवल्या.

त्या संदर्भात एका दुपारी निहारिकाचा फोन आला.

"ताई, एक विचारायचं होतं. अजून पंधरा टक्के पेट्या रिकाम्या धावतात, कारण माणसांना पटकन कुणी आठवत नाही. नव्या पेट्यांना आम्ही नाव सुचवायला शिकवू शकतो. कुणाकडून कुणाला कधी काय गेलं आणि कधीपासून जाणं बंद झालं, याची टेम्पोवाल्यांकडे दहा वर्षांची नोंद आहेच. पेटी म्हणेल, अमक्याला चार वर्षांत तुमच्याकडून काही गेलेलं नाही, आज पाठवता का? चाचणीत रिकामा प्रवास तीन टक्क्यांवर आला. खर्चात तर हे बसतंच."

कुमुदताईंनी कागद ओढला आणि आकडा मांडला. बसत होतं, चांगलंच बसत होतं. ओसरीत मिटलेले ते डोळे त्यांना आठवले आणि त्याचबरोबर आणखी काही दारं आठवली, जी माणसांनी विचार करून, रडून, शेवटी स्वतःच्या हातानं लावून घेतली होती. त्यांतली दोन त्यांच्या ओळखीची होती.

"ताई? लिहून घेऊ का, हो म्हणून?"

"निहारिका," कुमुदताईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी सगळं तोडून, नवं गाव गाठून सुखानं राहत असेल, तर त्याच्या दारात ही पेटी जाऊन उभी राहिली, त्याचा खर्च मी कोणत्या रकान्यात धरायचा?"