गुहेला सांगायचं वाक्य

आमच्या पार्कात आकाशपाळणा आहे, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, एकमेकांवर आपटायच्या मोटारी आहेत. पण हे सगळं एका गुहेपायी उभं राहिलं, हे आता फारसं कुणाला ठाऊक नसतं. चाळीस वर्षांपूर्वी माझे सासरे कंदील आणि दोरखंड घेऊन डोंगरातली ती गुहा लोकांना दाखवू लागले. मग आत दिवे आले, गर्दी वाढली. रांगेत मुलं कंटाळायची म्हणून बाहेर एक पाळणा लावला आणि बघता बघता डोंगराचा पायथा भरून गेला. मी इथे त्या पाळण्याचं बेअरिंग बदलायला आलो होतो. त्यांच्या मुलीच्या प्रेमात पडलो आणि कायमचा अडकलो. गुहेतली छोटी रेल्वे मी टाकली. तीनशे ऐंशी मीटर रूळ, तसू न् तसू माझ्या हाताखालून गेलेले.

सासऱ्यांची एक रीत होती. संध्याकाळी शेवटची माणसं बाहेर आली की ते डोकी मोजायचे आणि गुहेकडे तोंड करून सांगायचे, "सगळे आलो. कुणी राहिलं नाही." मगच फाटकाला कुलूप लागायचं.

"अण्णा, ती उत्तर देते का?" मी थट्टा करायचो.

"उत्तर कशाला हवं? ऐकते, तेवढं पुरे."

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी डोकं चालवलं. ते वाक्य त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून कर्ण्याला जोडलं. दिवसाच्या शेवटी गाडी शेडमध्ये लागली की ते आपोआप वाजायचं. अण्णा राजी नव्हते. "न मोजता कसं सांगायचं, जावईबापू?" मी म्हटलं, मोजायला तिकिटांचं यंत्र आहे की. जावयाशी वाद कोण घालणार? चार वर्षं सगळं सुरळीत चाललं.

त्या सोमवारी पार्क बंद होता. पार्कातली सगळी वायरिंग माझी बायको बघते. सकाळी ती शिडी घेऊन गुहेतल्या मोठ्या दालनात दिवा बदलायला गेली. मी गाडीचे ब्रेक तपासले आणि अकराच्या सुमारास गाडी शेडमध्ये लावली. कर्णा वाजला. सवयीचा आवाज, माझं लक्षही गेलं नाही. मी हात पुसत होतो.

अण्णांचं घर फाटकासमोरच आहे. ते अनवाणी धावत आले.

"पोरगी कुठाय?"

"दालनात. दिवा बदलतेय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तीन पायऱ्या चढताना दमणारा तो माणूस माझ्या पुढे गुहेत शिरला.

आत नेहमीचाच गारवा होता. पाणी ठिबकत होतं. दोनशे मीटरवर डावीकडे दालनाचं तोंड आहे, एक ट्रक सहज जाईल एवढं.

ते तिथे नव्हतं.

ओला, सपाट दगड होता. मी पुढे जाऊन आलो, मागे जाऊन आलो. भिंतीवर रंगवलेला मीटरचा आकडा पाहिला. आकडा बरोबर होता. मग मला केबल दिसली. मीच भिंतीला ठोकलेली, अंगठ्याएवढी जाड. ती दगडाशी आली होती आणि सरळ आत गेली होती. भोक नाही, चीर नाही. साबणात केस रुततो तशी.

मी ती ओढली.

पलीकडून कुणीतरी ओढली.

मी हाका मारल्या. ओ आली नाही. अण्णांनी दगडावर हात ठेवला. "चुकलं, बाई. एक जण आत आहे. माझी लेक आहे."

काही झालं नाही.

"तुम्ही सांगा," ते मला म्हणाले.

"मी? आवाज तर तुमचा होता."

"आवाज माझा. बोललात तुम्ही."

मी यंत्रांवर भरवसा ठेवणारा माणूस. खरं सांगतो, दगडाशी बोलायची मला लाज वाटली. तेवढ्यात केबलला पुन्हा हिसका बसला. आधीपेक्षा हळू.

"मी न मोजता बोललो," मी म्हणालो. "सगळे आलेले नाहीत. माझी बायको आत आहे. तिला सोड."

बोलताना हातातली बॅटरी खाली गेली, उजेड पायांशी पडला.

वर उचलला, तेव्हा समोर दालन होतं.

कसला आवाज झाला नाही, धूळ उडाली नाही. ती अगदी तोंडाशीच बसली होती. केबल दोन्ही हातांना गुंडाळलेली, तळवे सोललेले.

"अहो, किती उशीर!" एवढंच म्हणाली आणि हमसून रडायला लागली. मीही रडलो. अण्णा भिंतीला टेकून हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

तिला बाहेर उन्हात बसवलं. तिने दोन कप चहा घेतला आणि शिडी आणायला तुम्हाला परत आत पाठवू का, म्हणून विचारलं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ते रेकॉर्डिंग मी त्याच दुपारी पुसलं. आता रोज संध्याकाळी मी स्वतः मोजतो आणि स्वतः सांगतो. पहिलं डोकं बायकोचं. त्यानंतर कधी काही झालं नाही. मला झोपही छान लागते.

फक्त गेल्या मंगळवारी गाडीच्या फेरीला थोडा जास्त वेळ लागला, म्हणून मी टेप घेऊन रूळ मोजले. चारशे चार मीटर भरले. दालनाच्या पुढचे चोवीस मीटर मी टाकलेले नाहीत. काम चोख आहे, गाडी त्यावरून जराही हिसका न देता धावते. बोल्ट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा एक फराटा ओढायची मला सवय आहे. त्या चोवीस मीटरमधल्या प्रत्येक बोल्टवर तो होता. मी बोट लावून पाहिलं. रंग ओला होता.