घरी आणलेली रंगू

आपलं काम ट्रॅक्टरचं. बिघडला की उघडायचा, बघायचं, दुरुस्त करायचा. देवधर्माच्या भानगडीत मी कधी पडलो न्हाय. पण त्र्याण्णव साली माझी धाकटी बहीण रंगू पळसदेवच्या मठात गेली, ती वरीसभर फिरकलीच न्हाय. घरच्यांना भेटायचं न्हाय, घरचं खायचं न्हाय, असला तिथला नेम. आई झुरून अर्धी झाली. शेवटी म्हणलं, बास झालं आता! कळंबातनं राजदूतला किक मारली.

मठ म्हंजे उजनी धरणाच्या काठाला नुसती पत्र्याची शेड. भर दुपारी समदी माणसं पाण्याकडं तोंड करून बसलेली. कुणी हूं का चूं करंना. मी शिव्या तोंडात तयारच ठेवल्या व्हत्या. पण महाराज आपणहून उठले आणि रंगूचं बोचकं माझ्या हातात दिलं.

"न्या," म्हणले. "आमची ना न्हाय."

एवढं सोपं? रंगू हसत गाडीवर बसली. तिनं खांद्यावर हात ठेवला, तो भर मे महिन्यात गार लागला. म्हणलं, काठावरची हवा असंल.

आमच्या घरात आज्यापासनं एक रीत हाय. तुटलेलं माणूस परत आलं, की त्याच्या हातचा घास समद्या घरानं खायचा. मग ते आपलं झालं. आईनं बिरदेवाला भंडारा उधळला. रंगूनं दूधभाकरी कुस्करली.

"दादा, आ कर की."

घास गोड लागला. आई रडता रडता हसली. जिवाला लई सुख वाटलं. त्या दिवशी घरात कुणी भांडलं न्हाय. बोललं बी न्हाय फारसं.

दुसऱ्या दिवशी मठाची लुगडी परत द्यायला गेलो. शेडला कुलूप. मासे धरणारा रसूलभाई काठावर जाळं सांधत बसलेला.

"मठातली माणसं कुठं गेली ओ?"

"पांगली की. ज्याचं त्याचं माणूस आलं न् घरी घेऊन गेलं. एकाला बी अडवलं न्हाय."

"आणि महाराज?"

"त्यांचा भाऊ आलता इंदापूरचा. घरी जेवण ठेवलंय म्हणला."

खरं तर मला धडकी भरायला पायजे व्हती.

मी पाण्याकडं तोंड करून काठावर बूड टेकलं. पाणी लई चांगलं दिसत व्हतं.

रसूलभाईनं हाक मारली.

परत मारली.

मग जाळं गोळा करून तो घाईघाईनं निघून गेला.