सतरा नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. ऐकली त्याच दिवशी मी ती लिहून काढली. नंतर समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक आणि ती घडली तिथली नोंदवही स्वतः तपासली. वेळा जुळतात. बाकीचं जुळत नाही.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. संध्याकाळ.

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, समुद्राकाठच्या एका अभयारण्यात सायकली सांभाळतो. माउंटन बाइक भाड्याने द्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला गेट लावायचं, हे त्याचं काम. वाट अकरा किलोमीटरची. आधी सुरूचं बन, मग वाळूच्या टेकड्या, मग खाडीवरचा लांबलचक लाकडी पूल आणि शेवटी काठाकाठाने परत. मोठ्या भरतीला पुलाच्या फळ्यांवर पाणी चढतं. त्या दिवशी पुलाच्या तोंडाशी साखळी लावतात.

गेटजवळच्या खोलीत एक पाटी आहे. पाटीवर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला. सायकल घेताना त्या नंबरचा बिल्ला काढून खिशात ठेवायचा, परत आल्यावर आपल्या हाताने खिळ्याला लावायचा. पाटी भरली की सगळे आले. गेट लावायचं.

इतका सोपा नियम. त्यातच घात झाला.

दोन वर्षांपूर्वी गणिताचे एक निवृत्त मास्तर दर गुरुवारी यायचे. गाडी ठरलेली, सतरा नंबर. तिच्या मागच्या चाकातला एक खटका तुटलेला होता. पेडल थांबवलं की इतर सायकली एकसारख्या टकटकतात. ही तीनदा वाजायची आणि एक ठोका गाळायची.

टक टक टक... टक टक टक...

दादा म्हणायचा, "मास्तर, दहा मिनिटं द्या, बदलून टाकतो."

मास्तर म्हणायचे, "राहू दे रे. घरी बोलायला कोणी नाही, ही तरी बोलते."

एका गुरुवारी मास्तर फेरी संपवून आले, बिल्ला काउंटरवर ठेवला आणि खिसे चाचपले. चष्मा पुलापलीकडच्या बाकावर राहिला होता. कोणाला काही न सांगता ते तसेच मागे फिरले. वाटेत भेटलेल्या एका जोडप्याला तेवढं म्हणाले, म्हणून नंतर कळलं.

काउंटरवरच्या ताईंनी बिल्ला उचलून खिळ्याला अडकवला. दादाने पाटी पाहिली. भरलेली. कुलूप लावून घरी गेला.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखाली सापडले. चष्मा खिशात होता.

सायकल कधीच सापडली नाही.

तेव्हापासून सतरा नंबरचा खिळा रिकामा असतो. बिल्ला दादाने ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. आणि पाटी भरलेली असो वा नसो, गेट लावण्याआधी तो स्वतः एक फेरी मारतो. जाताना स्वतःचा, एक नंबरचा बिल्ला खिशात टाकतो. नियम म्हणजे नियम.

त्या नोव्हेंबरच्या गुरुवारी धुकं होतं. मोठी भरती सहा चाळीसला.

"सगळे आले, दादा," ताई म्हणाल्या. "आज नका जाऊ. या धुक्यात तुम्हाला शोधायला मी यायची का या गुडघ्यांनी?"

"साखळी बघून येतो. अर्धा तास."

"तुमचा अर्धा तास वहिनींना विचारा म्हणजे कळेल."

दादा हसला आणि निघाला. घाईत जाकीट खुर्चीवरच राहिलं.

बनात काही विशेष नव्हतं. फक्त पक्षी गप्प होते. त्या वेळेला खाडीकडून एवढा कलकलाट असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी एकही आवाज नाही.

टेकड्यांचा उतार लागला. दादाने पेडल थांबवलं. त्याच्या सायकलची टकटक सुरू झाली.

आणि त्या टकटकीच्या मागे...

दुसरी.

त्याने ब्रेक दाबला. त्याची सायकल थांबली. मागची दोन क्षण वाजत राहिली. मग तीही थांबली.

मागे कोणी नव्हतं. वाळूत चाकांची एकच जोडी उमटली होती. त्याची.

पंचवीस वर्षं सायकली उघडणारा माणूस आहे तो. आवाजावरून गाडीचा नंबर सांगतो. ही कोणती, हे त्याला पहिल्या तीन ठोक्यांतच कळलं होतं.

तरी तो पुढे गेला. परत फिरायचं तर त्याच वाटेने फिरावं लागलं असतं.

पुलापाशी पोचला तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

साखळी खाली पडलेली होती.

फळ्यांवर चाकाचा ओला माग होता. पुलावर जाणारा. येणारा नव्हता.

इथे दादा थांबला. सतराचा आणि स्वतःचा खिळा सोडला तर पाटी भरलेली आहे, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला होता. पण मागच्या वेळीही पाटी भरलेलीच होती. आता फिरलो आणि पलीकडे कोणी जिवंत माणूस असलं, तर? एकदा झालं ते नकळत झालं होतं. या वेळी तसं म्हणता आलं नसतं.

तो सायकल ढकलत पुलावर गेला.

फळ्यांच्या फटींतून पाणी दिसत होतं. मग फटींतून वर येऊ लागलं. धुक्यात हाताभरापलीकडचं दिसेना.

"कोण आहे?"



मग त्याच्या तोंडून आपोआप निघालं. "मास्तर?"

पुढून आवाज आला.

टक टक टक...

मागून नाही. पुढून. सावकाश, कोणी सायकल हाताने ढकलत नेत असावं तसा. दादा चालला की आवाज पुढे सरकायचा. दादा थांबला की तोही थांबायचा.

पाणी घोट्यांपर्यंत आलं. दादा म्हणतो, त्याला थंडी वाजत नव्हती. भीतीही वाटत नव्हती. अजून दहा पावलं गेलो की भेटतील, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, कुठे आहात?" ताईंचा फोन होता.

"पुलावर."





"तुमचा बिल्ला पाटीवर आहे हो. मी आतल्या खोलीत होते. बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला, मग बिल्ला खिळ्याला लावल्याचा. मला वाटलं, तुम्ही आलात. मी गेट लावलं, दिवा मालवला. निघताना तुमचं जाकीट दिसलं... दादा, त्या दिवशी मास्तरांची छत्री दिसली होती मला. उद्या नेतील म्हटलं आणि गेले घरी. तुम्ही आधी मागे फिरा. फोन ठेवू नका. बोलत राहा माझ्याशी."

पुढचा आवाज आता अगदी जवळ होता.

दादा फिरला. सायकल तिथेच टाकली. ताई फोनवर काहीबाही बोलत राहिल्या. गुडघे, बस, भाजीचे भाव. त्यांच्या आवाजाच्या धाग्याने तो मांडीभर पाण्यातून काठाला लागला.

गेट उघडून ताई कंदिलासारखा मोबाइल धरून उभ्या होत्या.

खोलीत पाटीवर एक नंबरचा बिल्ला लटकत होता. ओला. त्याला खाडीचा काळा गाळ लागलेला.

"मग माझ्या खिशात काय आहे?" दादाने विचारलं.

त्याने हात घातला. पितळी बिल्ला निघाला.

सतरा.

ड्रॉवरला कुलूप तसंच होतं.

नोंदवहीत त्या दिवसाची नोंद ताईंच्या अक्षरात आहे. 'एक नंबर परत, ६.०५.' खाली वेगळ्या शाईत, 'एक नंबर परत, ६.५०.' पहिली नोंद त्यांनी खोडलेली नाही.

आता तिथे पाटीवर भरवसा ठेवत नाहीत. प्रत्येकाचा चेहरा पाहूनच नोंद करतात. सतराचा खिळा दादाने उपटून टाकला. पुलावर संध्याकाळी कोणी जात नाही. पण गेट लावण्याआधी दादा धुक्याकडे तोंड करून एक हाक मारतो, आणि मिनिटभर थांबतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्या शेजारी उभा होतो. नोंदवही पाहायला गेलो होतो. गुरुवार होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याने हाक मारली. आम्ही दोघं थांबलो.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

मी नाही म्हणालो.

त्याला तसं सांगणंच मला बरं वाटलं. पण वर मी लिहिलंय की ही गोष्ट खरी आहे, तर तेवढं दुरुस्त करायला हवं.

तीन ठोके. एक गाळलेला. पुन्हा तीन.

आणि आवाज गेटच्या आतून येत नव्हता. आमच्या मागच्या रस्त्यावरून येत होता.