बारकूचा उजवा हात

धसईहून सकाळची एसटी धरून वर्षा नवऱ्याला शहापूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. भाताची रोपं टाकायची जागा भाजायला यंदा शेतात पाल्याचा राब रचायला घेतला, त्याच दिवशी बारकूचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. त्यांनी दोघांना समुपदेशक दामिनीताईंकडे पाठवलं.

"राबाचं काही जुनं दुःख आहे का?" ताईंनी विचारलं.

"दोन वर्सांमागं आमची लेक चिमी गेली," बारकू म्हणाला. "पाल्यात लपली होती. आयनं बघितलं नाय, काडी लावली. मी गावात होतो."

तेव्हापासून वर्षा सासूशी, यमूशी, एक शब्दही बोलली नव्हती.

ताईंनी तिला बाजूला घेतलं. "सोसवत नाही ते मन पुरून टाकतं. कधी दुसऱ्याच्या माथी मारतं. पण अंग गप्प बसत नाही. बारकूंना त्या दिवसाबद्दल शांतपणे विचारा."

परतल्यावर वर्षा त्याला थेट शेतावर घेऊन गेली. टळटळीत दुपार होती. पानही हलत नव्हतं. यंदाचा राब अजून पेटवलेला नव्हता, तरी जळक्या पाल्याचा वास येत होता.

"आयनं काडी लावली, तवा तुमी कुठं होता?"

बारकू राबाजवळ गेला.

"आय नवती... मीच लावली. आतनं हाक आली... बाबा, हात दे... मी भ्यालो, वर्षा. हात पुढं केलाच नाय."

वर्षाला आता सगळं उमगलं. लेकाला वाचवायला यमूने तो आळ अंगावर घेऊन दोन वर्षं निमूट सोसलं होतं, आणि आपण तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिने वळून पाहिलं तेव्हा बारकूचा लुळा हात आपोआप उचलला जात होता. तो राबाच्या दिशेने पुढे झाला. बोटं कशाभोवती तरी हळूहळू मिटली.

घरी जाताना बारकूने ती मूठ सोडली नाही. मध्येच त्याचा खांदा खाली ओढला जाई, पोर उडी मारताना हाताला लोंबकळावं तसा. बांध अरुंद होता. त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवून वर्षा खाली उतरली आणि शेतातून चालू लागली.

यमू दारात उभी होती.

"आय..." वर्षाने हात जोडले.

यमूने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर वाकली.

"लय भाजलं का गो तुला?"