श्रीपादाचं पाणी

हसू नको विहंग. गुलाबराव माझ्यासोबत रेल्वेत नोकरीले होता. थापा मारायचं काम माझं, त्याचं नाही. त्यानं जे पाहिलं तेच सांगून राहिलो.

आपलं राज्य नवं नवं झालं होतं, तवाची गोष्ट. मौनी अमावस्या. रात्रीचं जेवण आटोपून गुलाबराव इथं रायपुरातच गुढियारीहून तिळाचं तेल घेऊन समता कॉलोनीत निघाला, बहिणीकडे. शांताबाई तिचं नाव. तिचा एकुलता एक पोट्टा श्रीपाद गेला होता, अन् दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नसतो.

श्रीपाद दूरच्या एका अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता. तिथं पाईप फुटला. आतला व्हॉल्व्ह बंद करायले जो गेला, तो हा. अंगात ते किरणांचं विष असं भिनलं की साहेबांनी प्रेत घरी दिलंच नाही. शिशाची पेटी, वरून वेल्डिंग. तिकडेच खोल पुरली. नातेवाईकांनी दोरीच्या अलीकडून पाहायचं. शांताबाई तुळशीचं पान अन् गंगाजल घेऊन उभी. आपल्यात गेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात ना? पेटीले तोंड असते का, बाप्पा? मले अजूनही आठवलं की राग येते. कोणावर काढू?

रायपूरले परत आल्यावर तिनं एकच धोशा लावला. "भाऊ, माहा पोट्टा तहानलेला गेला."

त्या रात्री दोघंच जागी होती. दिव्यात तेल घातलं. गल्लीतले कुत्रे एकदम चूप झाले. मग अंगणातून...

"आई... पाणी."

शांताबाई उठली. पाण्याचा गडवा भरला. दार उघडलं.

फाटकाजवळ तो उभा होता. कामाच्या पांढऱ्या कपड्यात.

ती पायरी उतरली...

"जवळ नको येऊ आई. तुले लागन."

"लागू दे. मी माय आहो तुही."

ती एक पाऊल पुढे. तो दोन मागे. ती पुढे... तो मागे. फाटकाच्या पार. अंधारात.

"तू आत जाय आई..."

फिर क्या हुआ म्हणते ही देवश्री! काय होईन पोरी? मायच ती. पोट्टा तिच्यासाठी घाबरते म्हणून ती मागे फिरली. गडवा पायरीवर ठेवला. आत आली, दार लोटलं, अन् दारालेच टेकून बसली. कान बाहेर. ना पाऊल वाजलं... ना घोट.

उजाडलं. गुलाबरावानं दार उघडलं. गडवा काठोकाठ भरलेला. थेंब कमी नाही.

"नाही प्याला रे," म्हणून शांताबाईनं जो हंबरडा फोडला, तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

पाणी तुळशीत ओतावं म्हणून गुलाबरावानं गडवा उचलला, अन् झटक्यात खाली ठेवला. बोटं पोळली त्याची. थंडीची रात्र, पाणी उघड्यावर...

दुपारी मी पोचलो. कोणी त्या गडव्याले हात लावला नव्हता. मी बोट बुडवून पाहिलं.

तवाही ते निवलं नव्हतं.